चौदा नंबरची बाही

सोहारला, गॅरेजांच्या रांगेमागे आमची लाँड्री.
शनिवारी गोणी यायची, वर खडूनं लिहिलेलं:
अल मरसा, फुटबॉल.
मी गाठ सोडून मोजायचो:
बावीस सदरे, बावीस चड्ड्या,
मोजे बहुतेक एक्केचाळीस.

सामना बघायच्या आधी टीम कळली ती अशी.
सातच्या चड्डीला गवत, म्हणजे हा घसरत जातो.
तीनच्या पाठीवर दुसऱ्यांच्या बुटांची माती.
गोलकीपरचा सदरा कोरा.
हा उडीच मारत नसावा, अशी मला शंका होती
(पुढे खरी ठरली).
आणि चौदाची डावी बाही
शिवणीपाशी दातांनी चावलेली. दर आठवड्याला.

एवढी कसली भीती वाटते याला
म्हणून एका शुक्रवारी बघायला गेलो.

तिकीट नव्हतं. फाटकावर बताका कुणी मागितलं नाही.
एका अंगाला उघडेबोडके डोंगर,
दुसऱ्या अंगाला कारखान्याचं धुराडं,
मध्ये साठ-सत्तर माणसं आणि एक ढोल.
ढोलवाले हुसैन बलुशी, सत्तरीचे,
त्यांनी मांडी जराशी आवरली,
सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली
आणि म्हणाले, बस.

तीन-शून्य हरलो.

'हरलो' असं मी त्याच रात्री म्हणालो,
खोलीवर, भात वाढून घेताना.
सुलेमान परकारनं डाव हवेतच धरला:
हरलो म्हणजे? कोण कोण?

त्याची टीम स्पेनची. मोबाइलवर असते, जिंकते.
म्हणतो, येड्या, बायको निवडता येत नाही,
अरबाब निवडता येत नाही, एक टीम तेवढी हातातली गोष्ट,
तीही तू अशी उचललीस?

मी उचलली कुठे.
वाडीतला कबड्डीचा संघ, त्यात तर जन्मलोच होतो,
आणि ही गोणीतून आली, घामेजलेली,
मी फक्त गाठ सोडली.
खरं सांगायचं तर एवढंही मला तेव्हा सुचलं नाही.
मी म्हणालो, आमटी दे.

अकरा वर्षं झाली.
दोनदा खालच्या गटात गेलो,
एकदा वर आलो, तेही दुसरा क्लब बंद पडला म्हणून.
दर दोन वर्षांनी माझ्या कागदावर शिक्का बसतो,
बसेपर्यंत पोटात गोळा.
बलुशींच्या डाव्या हाताची जागा मात्र
गावी सुट्टीवर गेलो तरी रिकामी राहते.
तिथं ते आपली चप्पल ठेवतात.

यंदा चौदा गेला.
शहरातला दुसरा क्लब, लाल, पैसेवाला.
पोरगं लग्नाचं आहे, बलुशी म्हणाले,
आणि ढोलाची दोरी उगाच ताणत बसले.

लालवाल्यांची गोणी मंगळवारी येते.
साबण तोच, पाणी तेच,
मी कधी दुजाभाव केलेला नाही,
फक्त निळ इकडे थोडी जास्त पडते, ती हाताची चूक.
त्या ढिगात परवा एक सदरा, नंबर सतरा,
डावी बाही शिवणीपाशी चावलेली.

म्हणजे तिथेही.

सुई घेतली. लाल दोरा नव्हता,
शेजारच्या बंगाली शिंप्याकडून आणला.
शिलाईचे पैसे वेगळे लागतात. लावले नाहीत.

शुक्रवारी त्यानं आमच्यावरच गोल केला.
बलुशींचा ढोल एका ठोक्यापुरता अडला.
तो पळत आमच्या समोरून गेला,
हात वर केले नाहीत, बाही तोंडाशी.
शिवण टिकली होती.
इतक्या लांबून दिसत नाही,
पण मी दुहेरी घातली होती.

रात्री सांगितलं, हरलो, दोन-एक.
परकारनं भात वाढला, वर आमटी,
लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.
मग विचारलं,
आपला तो एक कुणी मारला?