डोण

"बोलायला गेलं की मरतं हे,"
शब्बीर होडेकर म्हणाला, आणि डबी टेबलावर ठेवली.
कडेला खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ,
झाकणावर तांबोशीचा एक खवला.
बंदरात असतं तोवर ठीक, दिवा हिरवा.
बारा वाव पाण्यात गेलं,
'मी इथे आहे' एवढंच सांगायची पाळी आली
की डोळे मिटतं
आणि पहिल्यापासून आपलं नाव आठवत बसतं.

साखरीनाट्यात बर्फ कारखान्याच्या माडीवर माझं दुकान.
खाली क्रशर सुरू झाला की
सोल्डरचा थेंब थरथरतो.
प्रोब लावला. चार व्होल्ट, सरळ रेघ,
ओहोटी लागणार हे माहीत नसलेल्या खाडीसारखी.
मग प्रक्षेपणाचं बटण.
रेघ अशी खचली,
जेटीवरून पाय टाकावा आणि होडी मागे सरावी तशी.

रेग्युलेटरचा दोष नाही.
त्याला कळायला वेळ लागतो, इतकंच.
आडिवऱ्याला मामाकडे रहाट होता,
मामी बसून पायाने ओढायची.
कोणी कितीही ओरडा, पाणी! पाणी!
लोटे आपल्याच चालीने वर येणार.
म्हणून शेजारी दगडाची डोण, सदा भरलेली.
पहिला तांब्या डोणीतला.
रहाटाला कळेपर्यंतचं सगळं
डोणीनेच निभवायचं.

इथली डोण सुकली होती.
अकरा पावसाळे इंजिनाच्या खोलीत काढून
कपॅसिटरच्या पोटातला ओलावा गेलेला.
मोजलं: शून्य पॉइंट तीन ओहम.
दोन अँपिअर एकदम मागितले
की सहा दशांश व्होल्ट उंबऱ्यावरच सांडणार,
आणि साडेतीनच्या खाली हे यंत्र जगत नाही.

बोर्डावर मोठा कपॅसिटर होता की, हजारचा.
पण चार इंच लांब, केसाएवढ्या वाटेच्या टोकाला.
विलास मस्कतला आहे.
आईला मध्यरात्री राजापूरला हलवली
तेव्हा त्याचे पैसे आले, भरपूर आले,
तिसऱ्या दिवशी.
त्या रात्री खालच्या जुबेदाने
कमरेच्या पिशवीतून काढल्या ओल्या नोटा.
बाराशे रुपये. मासळीचा वास होता त्यांना.

तर, जवळचे हवेत. पिनेला खेटून.
सिरॅमिकचे, तिळाएवढे, क्षणात देणारे.
त्यांचंही ऐकून घ्यावं लागतं:
रिळावर बावीस लिहिलेलं,
चार व्होल्टांचा भार अंगावर आला की उरतात नऊ.
लबाडी नाही ही. डेटाशीटच्या सतराव्या पानावर
तळाशी, बारीक आलेखात कबुली आहे.
मी ते पान बराच वेळ बघत राहिले.
माझ्यावर काय लिहिलंय,
आणि या वर्षी उरलंय किती?

चार लावले. रेघ खचली नाही,
पण थांबेचना,
कोणी उठून गेल्यावर झोपाळा हलत राहावा तशी.
हा जुन्या वळणाचा रेग्युलेटर.
समोरचं दार अगदीच मोकळं मिळालं
तर तोल जातो त्याचा,
देत सुटतो, आवरतो, पुन्हा देत सुटतो.
थोडा अडसर लागतो त्याला.
दोन काढले. मागे एक पॉलिमरचा बसवला,
दोनशेवीसचा, तीस मिलिओहमचा,
किंचित हात राखून देणारा.

पुन्हा बटण.
एक छोटा खळगा, एक हेलकावा, सरळ.
अजून दहादा दाबलं. क्रशर चालू असताना दाबलं.
खवला नखाने काढला.

"नेमकं काय झालेलं?" शब्बीरने विचारलं.
रहाट, डोण, मस्कत... कुठून सुरू करणार?
"तीनशे वीस," मी म्हटलं.
त्याने साडेतीनशे ठेवले, सुटे मागितले नाहीत.

रात्री मोबाईलवर नकाशा उघडा ठेवला.
दोन दहाला जैतापूरच्या दिव्यापलीकडे एक ठिपका.
दोन वीसला आणखी एक, थोडा पश्चिमेला.
दोन तीस.
चौथ्याला माझा डोळा लागला.