धावपट्टीवर कोल्हा

सहा वाजून एकेचाळीस.
टॉवरच्या काचेत उरणकडचं आभाळ विझत आलेलं,
माझा चहा झाकणाखाली निवलेला,
आणि पनवेलवरून रांगेत पाच विमानं:
इंदूर, कोची, एक मालवाहू, गोवा, नागपूर.
दोघांमध्ये चार मैल.
म्हणजे कागदावर चार.

इंदूरला मी उतरायची परवानगी देऊन बसलेले,
तेवढ्यात जीपमधून घरत.
त्याने इंग्रजीत बोलायचं असतं, ठरलेली वाक्यं आहेत,
तशी पाटीसुद्धा लावली आहे त्याच्या समोर.
तो म्हणाला, "मॅडम, कोला हाय."

पुन्हा सांगा.

"कोला हाय. मधोमध. बसलाय."

दुर्बिणीत दिसला. भाताच्या तुसाच्या रंगाचा,
शेपटी पांढऱ्या रेघेवर टाकून.
कोल्हा काकडीला राजी म्हणतात,
हा दिवसभर तापलेल्या डांबराला राजी होता.

दोन मैल म्हणजे पन्नास सेकंद.
पन्नास सेकंदांत माणूस पोळी उलटतो,
बेल वाजली तर एक चप्पल सापडते, दुसरी नाही.
मला दोन शब्द बोलायचे असतात.

"गो अराउंड."

सहाशे फुटांवर ते जड धूड
क्षणभर विचारात पडल्यासारखं दिसलं
(तसं नसतं, ते इंजिन असतं, त्याला वेळ लागतो)
मग नाक वर, चाकं पोटात,
आणि माझ्या काचेवरून, उलव्याच्या गच्च्यांवरून,
वाळत घातलेल्या चादरींवरून खाडीकडे.
आत कुणीतरी फोन चालू करायला बोट ठेवलेलं असेल.
कुणाच्या मांडीवर शेवेचं खोकं.
कुणी देवाचं नाव अर्धंच घेतलं असेल.
ते मला ऐकू येत नाही.
मला फक्त वैमानिक बाईचं उत्तर येतं,
"गोइंग अराउंड",
आवाजाला एक सुरकुती नाही.

लगेच मुंबईला फोन. आभाळ दोघांचं, भिंत नाही मधे.
एक परत देतेय.
"कधी?"
आत्ता.
तिकडे सबनीस होता. शिवी गिळल्याचा आवाज मला ओळखू येतो.

आई विचारते, तू नेमकं करतेस काय गं?
एकदा म्हटलं, दारात आलेल्यांना माघारी पाठवते.
तिला ते आवडलं नाही.
लहानपणी मी "जाते" म्हणून निघाले
तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून परत बोलावलं होतं तिने,
चपलांसकट उंबऱ्याच्या आत घेतलं,
आणि म्हणायला लावलं, "येते."
शाळेची बस चुकली त्या दिवशी.
तीन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

घरतने भोंगा वाजवला, मग एक बार उडवला.
कोल्हा उठला. पळाला नाही.
अंग ताणलं आणि चालत गेला तिवरांकडे,
घरी उशीर झालेल्या माणसासारखा.
"त्याचाच रस्ता हाय मॅडम," घरत म्हणाला,
"आमच्या खाजनातनं पल्याड. तुमी आता आलात."
हे सगळं ध्वनिमुद्रित होतं.
मी म्हटलं, धावपट्टी रिकामी आहे का तेवढं सांगा.

सहा अठ्ठावन्नला इंदूर उतरलं.
चाकांखाली नेहमीचा पांढरा धूर, चिमूटभर.
बाई म्हणाली, थँक यू, गुड नाइट.
तोवर माझ्या डोक्यात नागपूर होतं.

रात्री फॉर्म भरला.
कारण: वन्य प्राणी, एक.
विलंब: सोळा मिनिटं.
पुन्हा घडू नये म्हणून उपाय:
कुंपणाखालचं भोक बुजवणे.

घरत सही करायला वर आला.
टॉवरमध्ये पहिल्यांदाच आला होता,
सहीआधी बराच वेळ काचेतून खाली बघत राहिला,
दिव्यांच्या दोन रांगांमध्ये काहीतरी मोजत.
मग पेन उचलून विचारलं,
"भोक कुठल्या बाजूनं बुजवायचा, मॅडम?"