मागचं सुकाणू

पुढचं नुर्तास बघतो.
मी मागचा.
बासष्ट मीटर पोलादाच्या शेपटाशी टांगलेल्या पिंजऱ्यात
हातात बशीएवढं चाक, कानात त्याचा आवाज:
डावं दोन. अजून अर्धं. धर.
मी धरतो.

चारशे दहा टन.
कॅस्पियन ओलांडून बोटीनं आलेला
तेलशुद्धीचा मनोरा, आडवा निजलेला,
खाली दोनशे चोवीस चाकं
आणि वेग असा की स्तेपीतलं कासव
मान वळवून आमच्याकडे बघतं
आणि पुन्हा आपल्या कामाला लागतं.

कुरिकच्या बंदरातून निघालो तेव्हा
माझ्या मुलीचा पुढचा दात हलत होता.
काल फोनवर तिचे सगळे स
वाऱ्यासारखे निसटत होते.

सगळ्यांच्या पुढे आइमान चालते,
हेल्मेटखाली फुलाफुलांचा रुमाल.
पूल आला की खाली उतरते,
काँक्रीटवर बोटांच्या पेरांनी टकटक करते
कलिंगड घेताना करतात तशी.
हा नाही पेलणार, म्हणते.
मग दोन दिवस कोरड्या ओढ्यात मुरूम टाकायचा,
रोलर फिरवायचा, पाणी मारायचं,
पूल बाजूला नुसता उभा
लग्नाच्या पंगतीत जेवायला न बोलावलेल्या
भावकीतल्या माणसासारखा.

गावं येतात तेव्हा वीज बंद करून
पोरं लांब काठ्यांनी तारा उचलतात.
एक म्हातारा दारात येऊन ओरडला,
कुस्ती चालू होती टीव्हीवर, शेवटचा डाव!
पाऊण तासानं तोच किटली घेऊन आला.
कोण जिंकलं ते आम्हाला विचारू लागला.

मला दिसतं ते सगळं होऊन गेलेलं.
तारा पुन्हा खाली येतात,
उपटलेली पाटी पुन्हा रोवतात, जरा तिरकी,
उकरलेला डांबराचा काठ,
आणि लांबवर, आम्ही सकाळी जिथून निघालो
ते पाण्याचं टाकं. संध्याकाळीही तेच.

शेत्पेच्या अलीकडे मागून वरात आली.
अकरा गाड्या, आरशांना फिती, हॉर्नचा कल्लोळ.
एवढ्या सगळ्यांत ती मला एकट्यालाच दिसत होती.
रेडिओवर म्हटलं, मागे लग्न आहे.
बराच वेळ नुसती खरखर.
मग आइमान: चढावर थांबता येत नाही. वर गेल्यावर.
वर जायला दीड तास.

अर्ध्या तासानं हॉर्न दमले.
नवरी उतरली, चपला हातात घेऊन
पांढरा झगा गोळा करत
माझ्या पिंजऱ्याशेजारून चालू लागली.
चालू कसली, तिला सारखं थांबावं लागत होतं.
आत काय आहे?
काही नाही, मी म्हटलं, पोकळ आहे.
एवढं जड, आणि पोकळ?
ती हसली. मग हसायची थांबली.
बरंच अंतर तशीच आली, काही न बोलता,
एकदा पोलादावर तळवा ठेवून पाहिला,
उन्हानं तापलेला होता, चटकन काढला.
कुठल्या गावी दिलीय ते मी विचारलं नाही.

वर पोचलो. थांबलो.
गाड्या एकेक करून पुढे गेल्या
आणि नवऱ्याची आजी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन
मूठ मूठ मिठाई उधळत गेली,
नवरीवर उधळायची ती
आमच्या त्या आडव्या धुडावर.
चॉकलेटं टणटण वाजली,
पोरं धुळीत शोधत बसली,
नुर्तास पहिल्यांदा गाडीतून उतरून मागे आला.

एक गोळी माझ्यासमोर
साखळदंड आणि पोलादाच्या फटीत अडकलीय.
सोनेरी कागद, वाऱ्यानं फडफडतो.
मुलीला न्यावी म्हणतो,
पण तिला आता चावता येणार नाही,
आणि अजून सातशे किलोमीटर आहेत,
आणि हात तिथवर पोचत नाही.

डावं एक.
धर.