एकाचा फरक

डिसेंबरची चार तारीख, संध्याकाळ.
ग्वाल्हेरच्या सरकारी दवाखान्यात, खोली नंबर नऊ,
मी शेवटचा रकाना भरते
आणि पडदा लाल होतो.

गेल्या महिन्याचे, अधिक नवे, अधिक बदलून आलेले,
उणे वारलेले, उणे बदलून गेलेले, उणे हरवलेले:
एक हजार दोनशे सहा.
गोळ्या नेणारे मात्र एक हजार दोनशे सात.
एक माणूस जास्त.

सासूबाई विचारतात, तू तिथं नेमकं करतेस काय?
मी म्हणते, बेरजा.
त्यांच्या आजेसासऱ्यांनी दरबारच्या पागेचा हिशेब ठेवला होता,
म्हणून त्यांना ते पटतं.
घोड्यांची नावं असत म्हणे त्या वहीत,
तिखट कोण, लंगडा कोण, सगळं.
माझ्या वहीत नाव लिहायची मनाई आहे.
कोण, ते विचारायचं नाही.
किती, ते पाच तारखेच्या आत सांगायचं.

भोपाळच्या मदत-कक्षात फोन लावला.
तिकडचा मुलगा थकलेला, पण गोड बोलणारा.
पुस्तिकेचं पान एकेचाळीस काढायला लावलं त्यानं,
मग स्वतःच कंटाळून म्हणाला,
‘अन्य’ में डाल दीजिए मैडम, फ़ाइल चली जाएगी.
सहा वर्षं मी तो रकाना
रिकामा ठेवला आहे.
का, ते त्याला सांगता आलं नाही.

मग हिरवी कार्डं. हातानं. एकेक.
गेंदालाल चहा ठेवून गेला, त्यावर साय आली.
साडेसातला सापडलं.
एप्रिलमध्ये मीच शिक्का मारलेला: हरवले.
खाली गेंदालालचं अक्षर:
तीन फोन, नंबर बंद. घरी गेलो,
वीज कंपनीतून आलो असं सांगितलं.
कुलूप. शेजारीण म्हणाली, माहीत नाही.

आणि गोळ्यांच्या रजिस्टरात, गेल्या मंगळवारी,
त्याच नंबरापुढे अंगठा.
निळा, जरा पसरलेला.

औषधवाले इकरामुद्दीन कुलूप लावत होते.
हो, आला होता, म्हणाले.
थंडी पडली की येतो, गजक कुटायला.
बाकी आठ महिने सुरतेला, मागावर.
गोळ्या? एकही चुकवली नाही म्हणाला.
तिथं त्याचा नंबर दुसरा आहे.

म्हणजे ज्या काळात मी त्याला हरवलेला लिहिलं
त्या काळात तो रोज रात्री, नऊच्या सुमारास,
कुठल्याशा खोलीत पाणी पीत होता.

सुरतेचा नंबर लागायला अर्धा तास गेला.
पलीकडे एक बाई, मागे पंख्याचा आवाज.
डिसेंबरात पंखा.
मी विचारलं, तुमचा एक कमी पडतोय का?
ती गप्प झाली.
मग इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.
सकाळपासून, म्हणाली, सकाळपासून एक खुटतोय,
आत्ता ‘हरवले’वर बोट ठेवलं होतं.

नको ठेवूस, मी म्हटलं. माझ्याकडे आहे.

तिनं बदलीची चिठ्ठी पाठवली, मी एक वाढवला.
पडदा हिरवा झाला, नऊ वाजून दहा मिनिटं.

घरी जाताना बाजारातून गेले, मुद्दाम नाही,
म्हणजे, थोडं मुद्दाम.
धुकं दिव्यांपर्यंत उतरलेलं.
एका दुकानामागे तिघे कुटत होते,
लाकडी हातोडे, तीळ, गूळ,
धप, धप, मधला जरा उशिरा.
चेहरा मला माहीत नव्हता.
तिघांपैकी एक असेल, किंवा एकही नसेल,
शहरात गजकवाले पुष्कळ.
मालकानं विचारलं, काही हवं का?
पाव किलो, मी म्हटलं.

सासूबाईंनी तुकडा मोडला,
दातांखाली बराच वेळ धरला.
ताजी आहे, म्हणाल्या.
मग, नेहमीसारखं: जुळल्या का बेरजा?