पान एकशे बारा

लक्ष्मीपुरीत, रद्दीच्या दुकानात,
तराजूच्या मागं जुन्या कॅलेंडरांखाली सापडली
हेमप्रभा गडनीस, चौथी आवृत्ती.
आत राजारामपुरीतल्या बंद पडलेल्या लायब्ररीचा
जांभळा शिक्का, आठवड्याला पन्नास पैसे,
शेवटची तारीख शहाऐंशी सालातली.
शेवटच्या नेणाऱ्या बहुतेक आम्हीच.

सुरय्या बागवान आणि मी
दोघींत एक पुस्तक.
रात्री ती, पहाटे मी,
आणि सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर भेटलो की
कितव्या पानावर आलीस, एवढंच.
पुढचं सांगायचं नाही, आईची शप्पथ.

निशिकांत डॉक्टर होता.
पेशंट एकही दिसत नाही दोनशे पानांत,
करडे डोळे दिसतात, करडी गाडी दिसते.
आणि शाल्मली. दाराला टेकून, किंचित थांबून
म्हणायची, "मी जाते."
इथं कोल्हापुरात पोरगी म्हणते, मी जातो,
मी येतो, मी जेवलो.
महिनाभर आरशासमोर मी जाते-येते केलं.
एकदा गंगावेशीत दुधाला निघताना
तोंडातनं निसटलं,
तर आत्यानं स्टोव्हची पिन खाली ठेवली:
"कुठल्या गावची पाव्हणी गं तू?"

काल रात्री वाचायला बसलो.
पान बारावर हसू आलं.
चाळीसवर नाही आलं.
एकशे बारावर तो तिचं मनगट धरतो,
वळ उठेपर्यंत.
ती नको म्हणते. बाई लिहितात,
डोळ्यांत मात्र होकार होता.
खाली दोन रेघा. साधी पेन्सिल माझी,
हिरवी सुरय्याची.

रेघांवर अंगठा ठेवून बसलो.
उद्यमनगरात पंचवीस वर्षं
फौंड्रीचे हिशेब लिहिले मी, पगाराच्या सह्या घेतल्या.
उजवा हात पदराखाली ठेवून
डाव्या हातानं सही करायची एक,
तिला कारण विचारलं नव्हतं.

मग भलतंच दिसत राहिलं.
ते चहाचे कप कोण विसळतं?
शाल्मलीला पगार किती?
ड्रायव्हर बाहेर गाडीत बसलेला,
त्याला कुणी जेव म्हणालं का?

मिटणारच होतो.
तर पान एकशे अठ्ठेचाळीस.
शाल्मलीच्या ऑफिसात एक टायपिस्ट, नाव नाही,
खिडकीकडं तोंड करून डबा खाते,
झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून
मध्ये बोट धरते.
अडीच ओळी. पुन्हा येतच नाही ती.
तेव्हा उडी मारून पुढं गेलो असणार मी,
निशिकांतचा फोन पुढच्याच पानावर होता.

गडनीस बाई,
ते बोट कुठं बघितलंत तुम्ही?
एवढं दिसत होतं,
तर करडी गाडी कशाला?
की तुम्हालाही घरभाडं होतं?

सुरय्या आता मिरजेत. फोन लावला.
"एकशे बारा आठवतंय?"
"मनगट?" हसली.
मग बराच वेळ काही नाही,
मागं मिक्सर तेवढा चालू.
"पाठव मला," म्हणाली,
"पण पुढचं सांगू नको."

एकशे अठ्ठेचाळीस जिभेवर आलं होतं.
"बरं," म्हटलं,
"ठेवतो."