काटे

ग्रिम्स्बीच्या गोदीवर एकतीस वर्षं
थेल्मा ग्रिंडेलनं हॅडॉक चिरला.
काटा आधी बोटाला कळायचा, डोळ्याला नंतर.
मग साखरेनं डोळे नेले.
आधी डावा. उजव्यानं वर्षभर तग धरला.

भत्ता बंद झाल्याचं पत्र आलं ते साध्या कागदावर,
मुंगीएवढ्या टायपात.
तिनं ते नाकाशी नेलं. नुसता शाईचा वास.
चार वाजता शाळेतून आलेल्या शेजारच्या रायमोंड्सनं
अडखळत वाचून दाखवलं:
'आपण मुलाखतीच्या खोलीपर्यंत स्वतः चालत आलात.
सबब, आपणांस मदतीची गरज असल्याचे दिसून येत नाही.'
"दिसून येत नाही," थेल्मा म्हणाली,
"म्हणजे त्यांचंही माझ्यासारखंच."

तिनं कायदा मागितला. ब्रेलमध्ये, अख्खा.
फोनवर बासरी वाजत राहिली.
सरकारी काम, सहा महिने थांब, हे
मला वाटायचं फक्त आपल्याकडंच.
थेल्मा अकरा महिने थांबली.

आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं:
या म्हणीचा वाक्यात उपयोग करून
शाळेत मी दोन गुण मिळवले होते.
ते आता परत करायचेत. कुठल्या खिडकीवर?

कायदा आला आठ खोक्यांत. पोस्टमननं जिन्यात रचला.
पहिलं खोकं वाटेत कुठंतरी गहाळ.
त्यात व्याख्या होत्या म्हणे,
अपंग कुणाला म्हणावं याच्या.
थेल्माचं त्यावाचून अडलं नाही.

रात्री दिवा न लावता ती पानं चाचपायची,
पोटाकडून शेपटीकडं.
'शक्य तिथवर'. काटा.
'वाजवी मुदतीत'. काटा.
'अधिकाऱ्याच्या मते'. हा तर घशात अडकणारा.
सहाव्या खोक्यात, चहाचं आधण उतू जात असताना,
बोट थांबलं:
निर्णय अर्जदाराला वाचता येईल अशा रूपातच द्यावा.
एवढंच. बिनकाट्याचं.

सुनावणीला तिनं ते पान मांडीवर घेऊन वाचलं.
टेबलापलीकडं तिघं.
"कलम कितवं म्हणालात?"
कळफलक खडखडला. बराच वेळ.
"पान उघडत नाहीये."
"थांबते की," थेल्मा म्हणाली. "सवय आहे."

सहा आठवड्यांनी निकाल आला.
तिनं पाकीट फोडलं, कागदावरून हात फिरवला,
एकदा, मग पालथा करून पुन्हा.
गुळगुळीत.
मंजूर की नामंजूर, तिला माहीत नाही.
मलाही नाही.

रायमोंड्स यायला अजून तीन तास होते.
तिनं दाभण काढला,
त्याच कागदाच्या मागं टोचत गेली, टिंबामागून टिंब,
आणि उलट टपाली धाडून दिलं:

'तुमच्याकडं हे कुणाला वाचता येत नसेल
तर शेजारी एखादा मुलगा आहे का बघा.
तो चार वाजता येतो.
तोवर बसा.'