पेरावर बोट

जुलैत काय, कुणीही ओळखेल जेन्शियन.
छातीपर्यंत आलेला दांडा, त्यावर मजल्यामागून मजले
आणि मजल्या-मजल्यावर पिवळ्या फुलांची दाटी.
ओरियाकहून गाड्या येतात, काच खाली करून बोट दाखवतात.

मे महिन्यात ओळखून दाखव, ओदिल म्हणते.

बर्फ आत्ता कुठं हटलंय. गवत आडवं.
उतारावर नुसती पानं: रुंद, उभ्या शिरांची.
दोन झाडं, हातभर अंतरावर,
आईलाही चकवणाऱ्या जुळ्यांसारखी.
एकाचं मूळ कडू, पोटाला बरं.
दुसऱ्याचंही कडूच,
पण ते घोटभर गेलं की बोटं बधिर होतात,
मग काळीज पायरी चुकतं.

मी रंग बघते.
"रंग उन्हावर जातो," दोन दात्यांच्या लांब काट्याला टेकून ती म्हणते,
"पान दांड्याला कुठं लागलंय ते बघ."

इथं दोन पानं, एकाच पेरावर, समोरासमोर.
बुडाशी एकमेकांना धरून बसलेली,
मधल्या वाटीत काल रात्रीचं पाणी.
तिथं मात्र एक इकडे, एक जरा वर, तिकडे,
अबोला धरलेल्या घरात जिना चढावा तसं.
पालथं करून गालाला लावते. लव.
वासराच्या कानाची असते तेवढीच.
हे नव्हे.

"मार्सियालला ठाऊक नव्हतं?"
"त्यानंच शिकवलं मला."
काट्याच्या दात्यावरची माती ती अंगठ्यानं काढते.
"अंधारून आलं होतं. टोपलीत मुळंच, पानं मागे राहिलेली.
मोडून बघितलं नाही, एवढंच."

जगला तो. खाली गावात चीज विकतो,
शनिवारी दुकानावर गेलं की विचारतो, फुललं का?
वर मात्र येत नाही.

वाटीतलं पाणी मी आधी ओतून देते, का ते माहीत नाही.
मग काटा रोवते, दोघींचं वजन घालतो.
जमीन कुरकुरते, सोडत नाही, सोडते.
मनगटाएवढं मूळ, माझ्याहून वयानं मोठं असेल.
मोडून बघते.
आत पिवळं. जुलैतलं सगळं पिवळं
खाली, आत्ताच, ओलं.

"पिवळं आहे!" मी ओरडते.
ओदिल वळत नाही.
चाळीस वर्षं झाली तिला या उतारावर,
आणि पुढच्या झाडाशी ती वाकलेली आहे,
चष्मा कपाळावर,
पेरावर बोट ठेवून.